मेट्रो स्टेशनशेजारी खोदाई: मॉनिटरिंग एजन्सीचा आमचा अनुभव

गिरगावात आमच्या चाळीचा पुनर्विकास सुरू आहे. मेट्रो-3 चं भुयारी स्टेशन हाकेच्या अंतरावर आणि नव्या इमारतीला दोन मजली बेसमेंट. आपल्या खोदाईने स्टेशन हलतंय का हे मोजायला बिल्डरने एजन्सी नेमली. सोसायटीची सचिव म्हणून त्यांचं काम मी जवळून पाहिलं.

सगळ्यात आवडलं ते हे, की पहिली कुदळ पडायच्या आधीच त्यांनी मूळ रीडिंग घेऊन ठेवली, उन्हाळ्यातली आणि भर पावसातलीही. समुद्र जवळ, त्यामुळे आमच्याकडे भूजल एरवीही वर-खाली होतं. पावसाने झालेली हालचाल कोणती आणि खड्ड्यामुळे झालेली कोणती, हे मूळ रीडिंगशिवाय सांगताच येत नाही.

त्यांच्या इंजिनीअर ताईंनी चाळीच्या सभेत स्टेशन उभं कापलं तर आतून कसं दिसेल, ते चित्र काढून दाखवलं. स्टेशन म्हणजे जमिनीत पुरलेली काँक्रीटची पेटी. दोन्ही अंगांनी माती दाबते, खालून पाणी उचलतं. एका अंगाची माती आपण काढली की पेटी खड्ड्याकडे सरकू पाहते. खड्डा कोरडा ठेवायला पंप लावले की भूजल उतरतं, भराव दबतो, जमीन खचते. सर्वांत नाजूक जागा म्हणजे स्टेशन आणि बोगदा जुळतात तो सांधा. पेटी ताठ, बोगद्याच्या कड्या थोड्या लवचिक. दोन्ही वेगवेगळं हलले की तिथून पाणी झिरपू लागतं. हाँगकाँगमध्ये मेट्रोच्या बांधकामाची एकूण हालचाल 20 मिलिमीटरपर्यंतच चालते, सिंगापुरात 15. हे आकडे ऐकल्यावर सभा एकदम गप्प झाली. रोज लाखो माणसं जिथून जातात तिथे मिलिमीटरच मोजायला हवेत.

भिंतीचा कल मोजायला इन्क्लिनोमीटर, भूजलाची पातळी मोजायला पिझोमीटर, स्टेशनच्या आत हालचाल टिपायला प्रिझम, सगळं व्यवस्थित बसवलं. एकदा पिझोमीटरची पातळी झपाट्याने उतरली, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे पंप थांबवायला लावले. साइटवरचा मुकादम कुरकुरला, पण इंजिनीअर ताई हटल्या नाहीत. नंतर उपसलेलं पाणी रिचार्ज बोअरमधून पुन्हा जमिनीत सोडलं, तेव्हाच काम पुढे गेलं. एवढ्यासाठीच मी ही एजन्सी सुचवेन.

तक्रार दोन गोष्टींची. रिपोर्ट आधी बिल्डरकडे जायचे, आमच्या हाती उशिरा यायचे आणि आलेखावर धोक्याची रेषाच नसायची. रेषा नसेल तर आम्ही काय समजायचं? भांडून ती घालून घेतली. दुसरं, पिझोमीटरची रीडिंग माणूस येऊन घेतो, म्हणून रविवारी रीडिंग नाही. पंप मात्र रविवारीही चालतात.

पैसे बिल्डर देत असला तरी करारात सोसायटीचं नाव घालाच. रिपोर्ट त्याच दिवशी सोसायटीला मिळेल आणि पिझोमीटर स्वयंचलित असेल, ही दोन कलमं सही करण्याआधी मागून घ्या.