इग्वानाचं पिल्लू की बिअर्डेड ड्रॅगनचं? सांगली-साताऱ्यात घेण्याआधी

पाळायला सरडा हवा म्हटलं की आपल्याकडे फिरून फिरून दोनच नावं पुढे येतात: हिरवा इग्वाना आणि बिअर्डेड ड्रॅगन. दोघांचीही पिल्लं लहान असताना तळहातावर मावतात, दोघंही दिवसा जागे असतात, दोघांनाही ऊन लागतं. साम्य एवढंच. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट रानात झाडावर राहणारा, जन्मभर पाला खाणारा. ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. लहानपणी मुख्यतः किडे खातो आणि वाढेल तसा भाजीकडे वळतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इग्वानाचं पहिलं वर्ष सोपं जातं आणि मग पुढची दहा-पंधरा वर्षं तो मालकाचा घाम काढतो. ड्रॅगन पहिल्या वर्षी जीव खातो, नंतर निवांत. फ्लॅटमध्ये राहत असाल तर ड्रॅगन घ्या. घरात किडे चालणार नसतील तर सरडाच घेऊ नका.

किड्यांचा प्रश्न

इग्वाना घेणाऱ्यांपैकी बरेच जण एकाच कारणासाठी घेतात: तो शाकाहारी आहे. सांगलीत जैन घरं भरपूर, माळकरीही कमी नाहीत. अशा घरात जिवंत रातकिड्यांचा डबा आणायचा म्हणजे आजीशी भांडण ठरलेलं, आणि आजीचं चूक आहे असंही मला वाटत नाही. पण ‘चला, मग इग्वाना’ म्हणण्याआधी पुढचं वाचा.

ड्रॅगनच्या पिल्लाला दिवसातून दोन-तीन वेळा किडे लागतात. दर वेळी दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढेच सोडायचे आणि उरलेले काढून घ्यायचे. रातकिडे रात्री पिल्लालाच कुरतडतात. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. भाजी रोज समोर ठेवायचीच, पिल्लानं तोंड लावलं नाही तरी. मोठेपणी हेच प्रमाण उलटतं: भाजी जास्त, किडे आठवड्यातून काही वेळा.

किडे आणायचे कुठून? रातकिडे आणि डुबिया झुरळं पुण्या-मुंबईकडून मागवावी लागतात, आणि एप्रिल-मेच्या पार्सलमधले निम्मे मेलेले निघाले तर नवल नाही. म्हणून डुबियाची पैदास घरीच करावी. झाकणाला जाळी लावलेला प्लास्टिकचा डबा, आत अंड्यांचे ट्रे उभे लावलेले, खायला गाजर आणि कोंडा. गुळगुळीत प्लास्टिकवर डुबियाला चढता येत नाही आणि रातकिड्यासारखी तिची किरकिरही नसते. डब्याला वास येऊ लागला की ओल साचली असं समजायचं. देण्याआधी किडे चिमूटभर कॅल्शियम पावडरीत घोळवायचे. पीठ लावलेल्या वडीसारखे पांढरे दिसले की बस. पिल्लू आधी मान तिरकी करून एका डोळ्यानं बघतं, शेपटीचं टोक हलतं, मग जीभ सुटते आणि किडा गायब. ज्या दिवशी ही मान तिरकी होत नाही, त्या दिवशी पहिल्यांदा थर्मामीटर बघायचा, कारण गार पडलेलं पिल्लू खात नाही.

आपल्या भागाचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही: रेशीम. तुती लावून रेशीम किडे पाळणारे शेतकरी दोन्ही जिल्ह्यांत आहेत. रेशमाची अळी मऊ असते, कवचाचा त्रास नाही, पिल्लाला उत्तम. अगदी लहान पिल्लाला चॉकीतली, म्हणजे नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्या वाढवतात तिथली, बारीक अळी चालते. फक्त अळ्यांच्या बेडवर टाकतात ती निर्जंतुकीकरणाची भुकटी अंगावर असलेली अळी तशीच देऊ नका, दोन दिवस स्वच्छ पाल्यावर ठेवा. बॅच संपली की अळ्याही संपतात, त्यामुळे सगळी भिस्त रेशमावर ठेवता येत नाही.

उसाच्या फडातले नाकतोडे फुकट मिळतात, पण त्यांच्याबरोबर औषधाचे अंश आणि जंतही येतात. आणि पावसाळ्याच्या तोंडाला साताऱ्याच्या डोंगराकडे जाऊन काजवे धरून आणायचा विचार तर मनातही आणू नका. काजव्यांच्या काही जातींत असं विष असतं की एका काजव्यानं ड्रॅगन मरतो.

पाला सोपा, पण कुठला?

इग्वानाला फक्त पाला, हे ऐकायला सोपं वाटतं. मंडईतून पालकाची जुडी आणली की झालं! तसं नाही. पालक, चाकवत, चुका, राजगिरा यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. आठवड्यात एखाद वेळी ठीक, रोज नको. रोजच्यासाठी शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, लसूणघास, रताळ्याचा वेल. सोबत किसलेला लाल भोपळा आणि बारीक चिरलेला घेवडा. पिल्लासाठी पाला अगदी बारीक, कोशिंबिरीला चिरतो तसा. फळं चवीपुरती. अंडं, मांस, कुत्र्याचं खाणं अजिबात नको. या प्रथिनानं पिल्लू झपाट्यानं वाढलेलं दिसतं आणि पुढे काही वर्षांनी मूत्रपिंडं जातात.

द्राक्षाची पानं इग्वानाला मानवतात. तासगाव-पलूसकडे ती ढिगानं पडलेली असतात, पण बागेतली आणू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्यांचा सपाटा चालू असतो आणि ते धुऊन जात नाही. दारातल्या मांडवावर न फवारलेला वेल असेल तर गोष्ट वेगळी. तुतीच्या बाबतीत मात्र रेशीमवाल्याचा पाला बिनधास्त घ्यावा, कारण कीटकनाशक पडलेल्या पाल्यावर त्याची अळीच जगत नाही.

जनावरांचं मिनरल मिक्स्चर घरात असलं तरी ते दोघांनाही घालू नका. त्यात फॉस्फरस असतो. आपल्याला फॉस्फरस नसलेलं कॅल्शियम हवं.

दिवा आणि ऊन

पिल्लं मरतात ती बहुधा इथे. उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांशिवाय अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ड-३ शिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग हाडं मऊ पडतात. खालचा जबडा रबरासारखा लागणं, पाय थरथरणं, चालताना पोट घासणं ही लक्षणं दोन्ही जातींत सारखीच. यूव्हीबी ट्यूबमधून उजेड येत राहतो, पण किरण कमी होत जातात. म्हणून प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांनी ती बदलायची. काचेतून आलेलं ऊन यात धरायचं नाही.

आपल्याकडे कोवळं ऊन फुकट आहे, त्याचा फायदा घ्या. जाळीचा पिंजरा, अर्धा सावलीत, सकाळी वीस-तीस मिनिटं, आणि माणूस शेजारी बसलेला. गच्चीवर घार आणि कावळा दोघंही टपलेले असतात. काचेची टाकी मात्र उन्हात कधीच ठेवायची नाही. सांगलीच्या मे महिन्यात ती काही मिनिटांत भट्टी होते.

उष्णतेत दोघांची गरज वेगळी. ड्रॅगनच्या पिल्लाला दिव्याखाली 40 अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला 25-28, आणि रात्री 18-20 पर्यंत उतरलं तरी चालतं. इग्वानाला दिव्याखाली 32-35, पण रात्रीही 24च्या खाली नको, शिवाय हवेत 65-75 टक्के ओलावा. म्हणजे साताऱ्याच्या जानेवारीत इग्वानाला रात्रभर हीटर आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा. थंडीत त्याच्या पोटात पाला पचत नाही, आणि मध्यरात्री लाइट गेली तर पंचाईत. ड्रॅगनची अडचण नेमकी उलट, जुलै-ऑगस्टची. त्याला 30-40 टक्के ओलावा पुरतो आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात तो आकडा स्वप्नातला. पिंजऱ्याला वरून जाळी, पाण्याचं भांडं छोटं, दिवसभर दिवा चालू. एवढं केलं की बहुतेक निभावतं. नाकातून फेस आला किंवा तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागला तर वाट बघू नका. इग्वाना मात्र शिंकून नाकातून मीठ टाकतो, काचेवर पांढरे ठिपके पडतात. तो आजार नव्हे.

100 वॅटचा दिवा बारा तास म्हणजे महिन्याला 36 युनिट. बिल दोघांचंही येणार.

तीन वर्षांनी

ड्रॅगन दीड ते दोन फुटांवर थांबतो. त्याला 4 बाय 2 फुटांची टाकी पुरते आणि तो सहसा दहाएक वर्षं जगतो. इग्वानाचा नर शेपटीसकट पाच-सहा फूट होतो. त्याला माणसाच्या उंचीचा, झाडाच्या फांद्या लावलेला पिंजरा लागतो, म्हणजे जवळजवळ एक खोलीच. माजावर आलेला नर मालकावरही धावून जातो, त्याची शेपटी चाबकासारखी बसते. पिल्लू दुकानात स्वस्त मिळतं ते याचसाठी, असं मला वाटतं: विकत घेणारे खूप, सांभाळणारे थोडे. मग कुणीतरी रात्री नदीकाठी सोडून देतो. फ्लोरिडात आणि प्वेर्तो रिकोत अशाच सुटलेल्या इग्वानांनी उच्छाद मांडला आहे. सांगलीकरांनी आणखी एक विचार करावा: आयर्विन पुलाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला लागलं आणि तळमजला रिकामा करायची वेळ आली, तर ड्रॅगन एका टोपलीत जातो. पाच फुटांचा इग्वाना कशात घालणार?

कायद्याचं बघायचं तर वन्यजीव कायद्यातली 2022ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले परदेशी प्राणी तिच्या कक्षेत आले. इग्वाना त्या यादीत आहे, त्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर मुदतीत नोंदणी करावी लागते. ड्रॅगनला ही नोंदणी नाही, तरी पावती घ्याच आणि पैदास कुठे झाली ते विचारा. यादी बदलते, म्हणून घेण्याच्या आठवड्यात एकदा तपासा. आणि कुणी ‘घोरपडीचं पिल्लू देतो’ म्हणालं तर तिथून निघा. ती याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहे. बत्तीस शिराळ्याच्या नागांवरून जिल्ह्यात एवढं रामायण झाल्यावर हे कुणाला नव्यानं सांगायला नको.

डॉक्टर हा दोघांचाही कच्चा दुवा. गावोगावचे पशुवैद्य गाई-म्हशींचे. सरड्याला हात लावायला बरेच जण तयार नसतात. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आधी तिथे विचारावं. नाहीतर पुणे गाठावं लागतं. पिल्लू आणल्यावर पहिल्याच आठवड्यात शेण तपासून घ्या, जंत लवकर कळतात. हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, कारण दोघंही साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू बाळगतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर सध्या थांबा. पिंजरा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही.

ड्रॅगन ठरला असेल तर आधी पिंजरा, यूव्हीबी ट्यूब, दोन थर्मामीटर आणि डुबियाचा डबा आणा. आठवडाभर सगळं रिकामंच चालवून दोन्ही टोकांचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. तळाला वाळू नको, वर्तमानपत्र घाला. पिल्लू एकच आणा. दोन एकत्र ठेवली तर एक दुसऱ्याची बोटं आणि शेपटी कुरतडतं. दुकानात निवडताना शेपटीचं मूळ भरलेलं, डोळे टक्क उघडे आणि जबडा घट्ट असलेलं घ्या, आणि तुमच्यासमोर त्याला एक किडा खायला घालायला सांगा.