१३० फुग्यांचा एअर बेड: लावायचा कसा आणि फसतो कुठे

सर्जिकलच्या दुकानात "आजोबा अंथरुणाला खिळलेत" एवढं सांगितलं की काउंटरवर पहिलं येतं ते एअर बेडचं खोकं. आत पीव्हीसीची घडी, तिच्यावर ओळीने १३० फुगे, टिफिनएवढा पंप, दोन नळ्या आणि पंक्चरच्या ठिगळांची एक पुडी. किंमत साधारण दोन ते साडेतीन हजार. निकाल आधीच सांगून टाकतो: महिनाभर पडून राहावं लागणाऱ्या माणसासाठी एवढ्या पैशांत याहून कामाची वस्तू मिळणं अवघड आहे. मात्र बऱ्याच घरांत ती चुकीची लावलेली असते, आणि मग "एअर बेड घेऊनही पडून पडून जखम झालीच" अशी तक्रार ऐकू येते.

काम कसं चालतं ते समजलं की निम्म्या चुका टळतात. माणूस उताणा पडला की माकडहाड, टाचा, खवाटे आणि डोक्याची मागची बाजू यांच्यावर भार येतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो. केशवाहिन्यांतला, म्हणजे सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्यांतला, दाब साधारण ३२ मिलिमीटर पारा धरतात. कडक गादीवर माकडहाडाखाली त्याच्या कितीतरी पट दाब पडतो. एअर बेडमधले फुगे दोन गटांत विभागलेले असतात. एका नळीतून एक गट फुगतो तेव्हा दुसरा बसतो, आणि बहुतेक पंपांत दहा-बारा मिनिटांत हे एक चक्र पूर्ण होतं. म्हणजे कातडीच्या प्रत्येक तुकड्याला काही मिनिटं चेपणं आणि काही मिनिटं सुटका. एवढंच. हा मसाज नव्हे, आणि कूस बदलण्याला पर्याय तर मुळीच नव्हे. दर दोन तासांनी कुशीवर वळवणं चालूच ठेवायचं. रात्री एखादी पाळी तासाभराने लांबली तर गादी सांभाळून घेते, असं समजा.

आता लावणं. एअर बेड कधीही नुसत्या लाकडी फळीवर किंवा लोखंडी पट्ट्यांवर टाकायचा नाही. खाली तीन-चार इंचांची साधी गादी हवी. फुगे वरच्या बाजूला, नळ्यांचं तोंड पायथ्याकडे. दोन्ही टोकांना जास्तीची पट्टी असते, ती खालच्या गादीखाली खोचायची, नाहीतर दोन दिवसांत सगळं पायाकडे सरकतं. पंप पायथ्याच्या दांडीला अडकवायचा. जमिनीवर ठेवला तर धूळ ओढतो आणि फरशी पुसताना पाणी लागतं. लोखंडी पलंगाला थेट टेकला की रात्रभर अख्खा पलंग घुमतो, म्हणून मध्ये जुन्या टॉवेलची घडी ठेवावी. नळ्यांना कुठे मुरड पडली नाही ना, ते हात फिरवून पाहा. पंप चालू करून अर्धा तास जाऊ द्या आणि मगच माणसाला वर घ्या.

चादर घालताना सर्वांत मोठी चूक होते. एअर बेडवर गोधडी, तिच्यावर रबरशीट, तिच्यावर घडी केलेली चादर, वर डायपर: असे चार थर झाले की फुग्यांची हालचाल वर पोचतच नाही. गोधडीची ऊब प्रेमाची असली तरी ती अंगावर घाला, अंगाखाली नको. खाली एकच सुती चादर, तीही सैल. चारही बाजूंनी ताणून खोचली तर चादर झोळीसारखी भार पेलते आणि फुगे खाली रिकामेच हलत राहतात. जुनं मऊ धोतर किंवा नऊवारीचा एकपदरी तुकडा उत्तम चालतो. लघवीसाठी एकच शोषणारं पॅड पुरे, आणि ओलं झालं की लगेच बदलायचं. पीव्हीसीतून हवा खेळत नाही. कोकणात, मुंबईत मे महिन्यात पाठ घामाने भिजते आणि ओली कातडी लवकर सोलवटते. पाठ दिवसातून दोनदा उघडी करून, टिपून कोरडी करावी. चोळू नये. पावडरचा थर तर नकोच, घामाबरोबर तिच्या गुठळ्या होऊन त्याच टोचतात.

पंपावरची दाब कमी-जास्त करायची चकती कुठे ठेवायची हा दुकानदाराला हमखास विचारला जाणारा प्रश्न. उत्तर चकतीवर नसतं, हातात असतं. माणूस उताणा असताना तळहात वर करून हात एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये, माकडहाडाच्या नेमका खाली सरकवा. हात आणि शरीर यांच्यामध्ये इंचभर तरी हवेची उशी जाणवायला हवी. हाड थेट हाताला लागलं तर दाब कमी आहे, थोडा वाढवा. गादी ढोलकीसारखी टणक लागली तर जास्त आहे. पाच-सहा मिनिटं थांबून, फुग्यांचा दुसरा गट वर आल्यावर हीच परीक्षा पुन्हा करा. डोक्याची बाजू वर उचलली की सगळा भार ढुंगणावर येतो, तेव्हा परत पाहावं लागतं.

पंप गुणगुणतोय म्हणजे काम करतोय असं गृहीत धरू नका. आत दोन भाग असतात: हवा ढकलणारा रबरी पडदा, आणि हवा या नळीतून त्या नळीत फिरवणारी छोटीशी मोटार. मोटार अडकली तरी पडदा थरथरत राहतो, हिरवा दिवाही लागलेला असतो, पण एकच गट कायम फुगलेला आणि दुसरा कायम बसलेला. बाहेरून काही कळत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. कडेच्या एका फुगलेल्या फुग्यावर स्केचपेनने खूण करा, दर पाच मिनिटांनी बोटाने दाबून पाहा. वीस मिनिटांत तो एकदाही मऊ पडला नाही तर पंप बदलून घ्या. आठवड्यातून एकदा हे करावं. घरी मावशी असतील तर त्यांनाही शिकवून ठेवा, दिवसभर गादीजवळ त्याच असतात.

वीज हा आपल्याकडचा खरा प्रश्न. खर्चाची चिंता नको: पंप साधारण सात वॅटचा, २४ तास चालला तरी महिन्याला पाच युनिटं. पण वीज गेली की हवा पंपातूनच परत निसटते आणि माणूस हळूहळू खालच्या गादीला टेकतो. नळ्या पंपापासून काढून त्यांची तोंडं दुमडून रबरबँडने बांधली तर हवा बराच वेळ टिकते. मात्र तेव्हा फुगे आलटूनपालटून हलत नाहीत, म्हणून कूस बदलायची पाळी चुकवू नये. घरात इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावरच लावावा. वायफायसाठी मिळते ती छोटी यूपीएस इथे चालत नाही. ती १२ व्होल्ट डीसी देते, पंपाला २३० व्होल्ट एसी लागतो.

पंक्चर होतंच. पिन, नखं, बांगडीची तुटकी कड, चादरीला लावलेली सेफ्टीपिन, मांजर. साबणाचं पाणी फासलं की बुडबुडे जागा दाखवतात. जागा पुसून, पूर्ण कोरडी करून खोक्यातलंच ठिगळ आणि गोंद वापरावा. सायकलचं सोल्यूशन पीव्हीसीवर नीट धरत नाही, दोन दिवसांत ठिगळ उचकटतं. शेकाची पिशवी गादीवर ठेवायची नाही: पीव्हीसी मऊ पडतं, आणि पक्षाघात झालेल्या किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या अंगाला चटका बसला तरी कळत नाही. पुसायला सौम्य साबणाचं पाणी पुरे. फिनेल नको, उन्हात वाळवणं नको.

गादी जिथे हरते त्या जागाही ओळखून असाव्यात. टाचेसारख्या लहान टोकाखाली फुगे फारसे उपयोगी पडत नाहीत. पोटऱ्यांखाली आडवी मऊ उशी द्या म्हणजे टाचा अधांतरी राहतील. माकडहाडाखाली रबरी रिंग ठेवण्याची जुनी पद्धत सोडा. रिंगच्या कडेवर दाब वाढतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी तुटतो. डोकं उचलून ठेवलं की माणूस खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि आतलं मांस पुढे सरकतं. जेवण किंवा नळीतून दूध देताना उंची लागतेच, पण आधी गुडघ्यांखाली उशी द्यावी आणि नंतर अर्ध्या-पाऊण तासाने डोकं ३० अंशांच्या आसपास आणावं. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. अंगाखालची चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलावी.

रोज अंघोळीच्या वेळी लाल डाग शोधा. बोटाने दाबून सोडल्यावर डाग पांढरा पडून परत लाल झाला तर भार काढा आणि लक्ष ठेवा. दाबूनही रंग बदलला नाही तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जांभळट काळपटपणा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागणारी जागा हीच खूण. तिथे मालिश अजिबात करायची नाही. फोड आला किंवा कातडी फुटली तर डॉक्टरांना दाखवावं.

जखम आधीच खोल असेल, किंवा वजन नव्वदच्या पुढे असेल तर फुग्यांचा बेड अपुरा पडतो. त्यांच्यासाठी आडव्या नळकांड्यांचा बेड घ्या. नळकांडी चार-पाच इंच उंच असतात, एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं. किंमत दुप्पट-तिप्पट. पाण्याच्या गादीच्या भानगडीत पडू नये: सहा बाय तीन फुटांची गादी चार इंच भरली तरी दीडशे लिटरच्या वर पाणी होतं, हिवाळ्यात अंगाला गार लागते आणि कूस वळवणाऱ्याची कंबर धरते.

आणि जो माणूस अजून स्वतः उठून संडासला जातो त्याला हा बेड देऊ नका. कडा मऊ असतात, बसताना ढुंगण घसरतं, पडायला तेवढं पुरतं.

महिन्या-दोन महिन्यांचीच गरज असेल तर गावातल्या रुग्णसाहित्य केंद्रात आधी चौकशी करा. अनामत भरून नाममात्र भाड्यात बेड मिळतो. घरी नेण्याआधी तिथेच अर्धा तास फुगवून, दोन्ही गट आळीपाळीने वर येतात का ते पाहून घ्या.