साधा रिपीटर की आयसीएस? पत्र्याच्या शेडवाल्यांसाठी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची टॉवेलची शेड आहे. वर पत्रा, बाजूंनी पत्रा, आत माग. दारात फोनला चार काड्या आणि आत पाऊल टाकले की एकही नाही. गेल्या दीड वर्षात इथे दोन्ही प्रकारचे रिपीटर, म्हणजे बाहेरचा मोबाईल सिग्नल घेऊन तो वाढवून आत सोडणारे डबे, चालवून झाले. आधी साधा, मग तो काढून आयसीएस, म्हणजे स्वतःचाच परत येणारा सिग्नल कापणारा. शेजारचे दोन-तीन कारखानदार आता त्याच निर्णयापाशी आले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

दोन्ही रिपीटर मोबाईल कंपनीमार्फतच बसवले. ऑनलाईन मिळणारा डबा परस्पर आणून लावणे बेकायदेशीर आहे, १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून परवान्याची अट आहे. आणि अट रास्तही आहे. रिपीटर बिघडून ओरडू लागला की तो कचरा टॉवरकडे जातो आणि आसपासच्या सगळ्यांचेच फोन अडखळतात.

ओरडणे म्हणजे काय, ते गड्ड्याच्या यात्रेत माईक स्पीकरसमोर आला की कळते. रिपीटरमध्ये माईकच्या जागी छतावरचा डोनर अँटेना आणि स्पीकरच्या जागी आतला सर्व्हिस अँटेना. आतून निघालेला सिग्नल वरच्या अँटेनात पुन्हा शिरला की शिट्टी सुरू. म्हणून साध्या रिपीटरमध्ये दोन अँटेनांमधले आयसोलेशन, म्हणजे एकातून दुसऱ्यात पोचेपर्यंत सिग्नल किती क्षीण होतो ते, गेनपेक्षा, म्हणजे डबा सिग्नल किती वाढवतो त्यापेक्षा, साधारण १५ डेसिबलने जास्त ठेवतात. गेन ७० हवा असेल तर आयसोलेशन ८५ च्या आसपास हवे.

एवढे आयसोलेशन कमवायचे कसे, इथे साध्या रिपीटरची खरी परीक्षा असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले तर फक्त ६ डेसिबल मिळतात. पाच मीटरचे दहा केले तर ६, दहाचे वीस केले तर आणखी ६, आणि तोवर आमची शेड संपते. त्यापेक्षा मध्ये स्लॅब किंवा पत्रा आणणे, एक अँटेना वर आणि एक खाली ठेवणे, दोघांची पाठ एकमेकांकडे करणे जास्त कामी येते. आमच्या कंत्राटदाराने हे सगळे मन लावून केले. डोनरची जागा दोनदा बदलली, आढ्याच्या पलीकडे पाईप उभा केला. शटर बंद असताना सगळे छान चालायचे.

पण शटर बंद ठेवून धंदा होत नाही. दुपारी चारच्या सुमाराला ट्रक दाराला लागतो, शटर वर जाते आणि गाठी भरायला सुरुवात होते. आतला सिग्नल त्या उघड्या दारातून बाहेर पडतो, ट्रकच्या पत्र्यावर आपटतो आणि डोनरपर्यंत पोचतो. बंद शटरच्या भरवशावर मिळवलेले आयसोलेशन त्या क्षणी जाते. साधा रिपीटर तेव्हा शहाणपणाने वागतो, शिट्टीची चाहूल लागताच स्वतःचा गेन उतरवतो. टॉवरच्या दृष्टीने ते योग्यच आहे. आमच्या दृष्टीने मात्र नेमकी ई-वे बिल काढायच्या, बँकेचा ओटीपी यायच्या वेळी शेड मुकी व्हायची. मुनीमजी फोन हातात धरून रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. वरून डब्यावरचा दिवा हिरवाच, त्यामुळे दोष कुठे आहे हेच महिनाभर कळले नाही. सिम बदलले, फोन बदलला. शेवटी एका रविवारी मी स्वतः शटर वर-खाली करत फोनकडे बघत बसलो, तेव्हा उलगडा झाला.

आयसीएस रिपीटर हा प्रश्न वेगळ्या टोकाने सोडवतो. आपण काय पाठवले हे त्याला ठाऊक असते. त्याची प्रत कोणत्या वाटेने, किती उशिराने आणि किती क्षीण होऊन परत येते याचा तो सतत अंदाज बांधतो आणि आत येणाऱ्या सिग्नलमधून तेवढा भाग वजा करतो. वाट बदलली की अंदाजही बदलतो. विड्रो आणि हॉफ यांनी १९६० मध्ये मांडलेली, चुकीवरून थोडेथोडे शिकत जाण्याची रीत या कामाच्या मुळाशी आहे. ट्रक आला, शटर उघडले, वाऱ्याने पाईप हलला, तरी हिशोब नव्याने मांडला जातो. मी मीटर लावून मोजलेले नाही. एवढे मात्र सांगू शकतो की तो बसल्यापासून मुनीमजी ओटीपीसाठी रस्त्यावर गेलेले मी पाहिले नाहीत.

त्याच्याही खोडी आहेत. हा हिशोब करायला त्याला वेळ लागतो, सिग्नल काही मायक्रोसेकंद उशिरा बाहेर पडतो. फोर-जीमध्ये प्रत्येक चिन्हाआधी, म्हणजे पाठवलेल्या माहितीच्या प्रत्येक छोट्या तुकड्याआधी, साधारण ४.७ मायक्रोसेकंदांची सवड ठेवलेली असते. थेट टॉवरचा आणि रिपीटरचा सिग्नल सारख्याच ताकदीने फोनवर पोचले आणि मधला उशीर त्या सवडीपलीकडे गेला, तर दोन्ही एकमेकांत मिसळून घोळ होतो. शेडच्या पोटात थेट सिग्नल पोचतच नाही, त्यामुळे तिथे काही जाणवत नाही. शटरच्या तोंडाशी व्हिडिओ कॉल अडखळायचा. आतला अँटेना दहा पावले मागे घेतल्यावर ते बरेच कमी झाले. शिवाय हा डबा तापतो. आपल्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली त्याला ठेवू नका, आमचा आम्ही मुनीमजींच्या खोलीत हलवला. किंमतही साध्यापेक्षा बरीच जास्त.

आरसीसी इमारत असेल, मध्ये एक-दोन स्लॅब असतील आणि मोठी दारे सतत उघडत-मिटत नसतील, तर साधा रिपीटर पुरेसा ठरावा. शहरातल्या एका नातेवाइकांच्या तळघरातल्या गोदामात तो बिनतक्रार चालू आहे, तिथे जास्तीचे पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही. पत्र्याची शेड, रस्त्याकडे तोंड केलेले शटर आणि रोजचा ट्रक असेल, तर मी पुन्हा आयसीएसच घेईन. आणि कोणताही घेतलात तरी कंत्राटदाराला आयसोलेशन शटर उघडे ठेवून, ट्रक दाराला लागलेला असताना मोजायला लावा. आमच्याकडे पहिली मोजणी सकाळी नऊला, बंद शटरमध्ये झाली होती.