किडलेली अक्कलदाढ काढून घेताना: एका दंतचिकित्सालयाचा अनुभव

माझी खालची उजवी अक्कलदाढ दोन महिने ठणकत होती. ती अर्धीच हिरडीबाहेर आलेली आणि पुढच्या दाढेवर रेललेली असल्यामुळे दोहोंमधल्या फटीत ब्रश पोहोचत नसे, आणि कीड नेमकी तिथेच लागली होती. ज्या दंतचिकित्सालयात मी ती काढून घेतली, तेथील कामाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण केवळ भीतीपोटी हे दुखणे अंगावर काढणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत.

डॉक्टरांनी घाई केली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. आधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, दाढेची मुळे आणि खालच्या ओठाला संवेदना पुरवणारी नस यांच्यात किती अंतर आहे ते पडद्यावर बोट ठेवून दाखवले, आणि रूट कॅनाल करून ही दाढ का वाचवायची नाही, हेही सांगितले: तिचा चावायला उपयोग नव्हता आणि ती तशीच ठेवली असती, तर शेजारची चांगली दाढही किडण्याचा धोका होता. रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची चौकशीही त्यांनी आठवणीने केली.

भूल दिल्यावर ओठ आणि जिभेची कड जड झाली. हिरडीला टोचून खात्री केल्यावरच काम सुरू झाले. ‘दाब जाणवेल, पण कळ आली तर डावा हात वर करा,’ असे त्यांनी सांगून ठेवले होते. आतून पोखरलेला दाढेचा माथा चिमट्यात धरताच तुटला. मग मुळे कापून एकेक बाहेर काढावी लागली, आणि त्या वेळची करकर थेट कानात घुमत होती. एकदा मी हात वर केला, तेव्हा ते तत्काळ थांबले आणि आणखी भूल दिली. शेवटी दोन टाके घातले.

उणीव आढळली ती पुढच्या टप्प्यात. काळजीच्या सूचनांचा कागद हाती आला तेव्हा तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे काहीच विचारता आले नाही. चोवीस तास गुळण्या करू नयेत, थुंकू नये, स्ट्रॉने पिऊ नये, असे त्यात होते. पण का, ते नव्हते. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी निघून गेली, तर आतले हाड उघडे पडते आणि दोन-चार दिवसांनी असह्य वेदना सुरू होऊ शकतात, हे कारण मला दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून विचारपूस करणारा फोन आला तेव्हा कळले. तो फोन आला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, कारण गाल आदल्या दिवसापेक्षा अधिक सुजला होता आणि ही सूज दोन-तीन दिवस वाढणारच, हे कळल्यावर माझी धास्ती गेली.

सातव्या दिवशी टाके काढायला गेलो, तेव्हा हा कागद भूल देण्यापूर्वीच रुग्णासोबत वाचावा, असे मी सुचवले. वरची तिरपी अक्कलदाढही मी येथेच काढून घेणार आहे.