नॅक्सोसच्या हॉटेलच्या नावाने आलेला मेसेज आणि गेलेले 1,440 युरो

ग्रीसचं किंवा युरोपातलं कुठलंही हॉटेल बुक करून ठेवलंय आणि जायला अजून महिना-दोन महिने आहेत, अशा सगळ्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा. खोट्या वेबसाइटवर बुकिंग केलं आणि फसलो अशातला हा प्रकार नाहीये. साइट खरी होती, जगभर चालणारी होती, हॉटेल खरं होतं, बुकिंगही शेवटपर्यंत कन्फर्म होतं, आणि तरी पैसे गेले. म्हणूनच लिहितेय, कारण नावाजलेल्या साइटवरूनच बुक करा हा सल्ला आम्ही तंतोतंत पाळला होता आणि तो पुरला नाही.

2025 च्या मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत आम्ही सहाजण ग्रीसला जाणार होतो, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे. सगळ्यांच्या डोक्यात आधी सॅंटोरिनीच होतं पण तिथे सगळीकडे चढ आणि पायऱ्या, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि त्यात फेब्रुवारीत तिथे भूकंपाचे धक्के सुरू झाले, हजारो लोक बेट सोडून गेले, ते टीव्हीवर बघून सासरे म्हणाले की तिथे नको. मग ग्रीसचंच दुसरं बेट, नॅक्सोस ठरलं. ज्यांना लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जायचंय त्यांना मी आजही नॅक्सोसच सांगेन, आगिओस प्रोकोपिओस आणि आगिया आन्ना हे लांबलचक वाळूचे किनारे, पाणी बरंच आतपर्यंत उथळ, अथेन्सच्या पिरेअस बंदरातून मोठी फेरी साधारण पाच तासात पोचवते आणि जेवणात पालक भरलेली पेस्ट्री (स्पिनॅच पाय), भरलेल्या भाज्या, बटाटे, चीज असं शाकाहारी माणसाला पुरेल इतकं मिळतं. आगिया आन्नाजवळ एका कुटुंबाचं छोटं तीन स्टारचं हॉटेल मिळालं, दोन खोल्या, आठ रात्री, 1,440 युरो. अट स्वच्छ लिहिलेली होती: पैसे हॉटेलवर पोचल्यावर द्यायचे, ठरावीक तारखेपर्यंत फुकट कॅन्सल करता येईल. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

बुकिंग करताना खाली एक चौकोन असतो, काही विशेष मागणी असेल तर लिहा म्हणून. तिथे मी लिहिलं होतं की सासूबाईंना जिने चढवत नाहीत तर एक खोली तळमजल्यावर मिळाली तर बरं.

शेंगेनच्या व्हिसाला (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) राहण्याचा पुरावा लागतो, 30,000 युरोचं कव्हर असलेला इन्शुरन्स लागतो, मोठ्या माणसाची फी 90 युरो आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. आम्हा सहाजणांची फाइल त्याच हॉटेलच्या बुकिंगवर उभी होती, आणि मेसेज आला तो नेमका आमच्या अपॉइंटमेंटच्या आठवड्यात. रात्री दहाच्या सुमाराला, त्या साइटच्या ॲपमध्ये, हॉटेलशी बोलायची जी चॅट असते त्याच चॅटमध्ये, आमच्या आधीच्या बोलण्याच्या खालीच. वर हॉटेलचं नाव, फोटो, बुकिंग नंबर, तारखा, सहा माणसं. मजकूर साधारण असा की तुमचं बुकिंग आपोआप तपासणीत अडकलंय, कार्ड पुन्हा व्हेरिफाय करावं लागेल, ग्रीक सरकारच्या नव्या क्लायमेट टॅक्सच्या नियमामुळे हे सगळ्या पाहुण्यांना लागू आहे, रक्कम फक्त होल्ड होईल आणि लगेच परत येईल, बारा तासात केलं नाही तर बुकिंग रद्द होईल. आणि शेवटी, तुमच्या सासूबाईंसाठी तळमजल्याची खोली आम्ही राखून ठेवलीये.

त्या शेवटच्या वाक्याने शंका घ्यायला जागाच ठेवली नाही. गुडघ्यांचं मी फक्त हॉटेलला सांगितलं होतं. आणि क्लायमेट टॅक्स खरंच आहे, 2025 च्या जानेवारीपासून वाढवलाय, एप्रिल ते ऑक्टोबर तीन स्टार हॉटेलला एका खोलीमागे रात्रीला 5 युरो, पण तो तिथे गेल्यावर काउंटरवर द्यायचा असतो, ऑनलाइन कार्ड व्हेरिफाय करण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. खऱ्या गोष्टीला खोटं चिकटवून पाठवतात ते असं.

लिंक उघडली तर हुबेहूब त्या साइटसारखं पान, तोच रंग, तोच लोगो, आमच्या हॉटेलचा फोटो, नाव आणि तारखा आधीच भरलेल्या. कार्ड नंबर टाकला, ओटीपी आला, टाकला. पान फिरत राहिलं आणि मग आलं की व्हेरिफिकेशन अयशस्वी, दुसरं कार्ड वापरा. कोपऱ्यात सपोर्टची चॅट उघडली, तिथला माणूस अत्यंत नम्रपणे सांगत होता की मॅडम पहिली रक्कम परत येईल, काळजी करू नका, पण वेळ थोडा आहे. नवऱ्याचं कार्ड टाकलं तर ते नाकारलं गेलं कारण त्याने बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद करून ठेवले होते. तेवढ्या एका बटणामुळे दुसरे 1,440 युरो वाचले.

कार्ड चालत नाही हे हॉटेललाच सांगावं म्हणून फोन लावला. लँडलाइन वाजत राहिली, मार्चमध्ये बेटावरची समुद्राकाठची बहुतेक हॉटेलं बंदच असतात, सीझन एप्रिलच्या शेवटी सुरू होतो. मग हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवर मोबाइल नंबर मिळाला, तो मालकीणबाईंनी उचलला. त्या पहिलं वाक्य काय बोलल्या असतील तर, तुम्ही पैसे भरलेत का. त्यांना त्या संध्याकाळपासून जर्मनी, फ्रान्स, कुठून कुठून फोन येत होते. त्या अक्षरशः रडवेल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, आम्ही काहीच पाठवलं नाही, आमच्या अकाउंटमध्ये कोणीतरी शिरलंय, तुमचं बुकिंग जसंच्या तसं आहे, तुम्ही या आणि इथे आल्यावर पैसे द्या.

नंतर हे सगळं कसं होतं ते वाचून काढलं. साइट फोडलेली नसते, हॉटेलवाल्याचा लॉगिन चोरलेला असतो. चोर हॉटेलला बुकिंग साइटच्या नावाने ईमेल पाठवतात, एका पाहुण्याची तक्रार आहे किंवा वाईट रिव्ह्यू आलाय बघा असा. त्यातल्या लिंकवर 'मी रोबोट नाही' छापाचं खोटं पान येतं आणि ते अमुक बटणं दाबा, हे पेस्ट करा, एंटर दाबा असं सांगतं. तेवढं केलं की हॉटेलच्या कंप्युटरवर पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम बसतो. मायक्रोसॉफ्टने मार्च 2025 मध्ये नेमक्या या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली होती. एकदा लॉगिन हाती आला की येणारे सगळे पाहुणे, त्यांच्या तारखा, माणसं, त्यांनी लिहिलेल्या विशेष मागण्या, सगळं चोराला दिसतं आणि तो हॉटेल म्हणून त्याच चॅटमध्ये लिहू शकतो. म्हणजे सोसायटीच्या गेटवर चोर बसलाय आणि वॉचमनच्याच इंटरकॉमवरून आपल्याला फोन करतोय, असं.

आता बँक. फोन ठेवल्याबरोबर कार्ड ब्लॉक केलं, 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेचा डिस्प्यूट फॉर्म भरला. परदेशी चलनावर बँक लावते तो जादा आकार (मार्कअप) धरून जवळपास 1 लाख 40 हजार रुपये. पैसे देशातल्या देशात दुसऱ्या खात्यात गेले असतील तर 1930 वाले ते गोठवू शकतात, पण आमचे गेले होते परदेशातल्या एका व्यापाऱ्याच्या नावावर, ज्याचा हॉटेलशी किंवा ग्रीसशी काही संबंध दिसत नव्हता. बँकेने आधी रक्कम तात्पुरती जमा केली आणि काही आठवड्यांनी परत काढून घेतली. उत्तर एका ओळीचं, व्यवहार ओटीपीने मंजूर झालाय. रिझर्व्ह बँकेचं तेव्हा लागू असलेलं 2017 चं परिपत्रक म्हणत होतं की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधेच कुठेतरी आहे, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही जबाबदारी नाही, पण ग्राहकाने निष्काळजीपणाने माहिती दिली तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. बँकेने आम्हाला या दुसऱ्या खणात टाकलं. बुकिंग साइटने लिहिलं की आमच्या सिस्टिममध्ये काही घुसखोरी झालेली नाही, हॉटेलने पासवर्ड सांभाळायला हवा होता. मला हे अजिबात पटत नाही. मेसेज तुमच्या ॲपमधून आला, तुमच्या चॅटमध्ये बाहेरची लिंक जाऊ दिली तुम्ही, माझी माहिती तुमच्याकडे दिलेली होती, आणि जबाबदार मात्र नॅक्सोसमधली चार खोल्या झाडणारी बाई?

तर आता नेमकं काय बघायचं ते सांगते. पैसे कधी द्यायचे ते तुमच्या पहिल्या कन्फर्मेशनमध्ये लिहिलेलं असतं. तिथे हॉटेलवर द्या असं असेल तर मधेच आलेली पैशाची कुठलीही मागणी खोटी धरा, मग ती ॲपमध्ये येऊ दे, व्हॉट्सॲपवर येऊ दे किंवा ईमेलवर. कार्ड खरंच बदलायचं असेल तर मेसेजमधल्या लिंकवरून नाही, ॲप बंद करून पुन्हा उघडून आपल्या बुकिंगच्या पानावर जाऊन बघा, तिथे तशी सूचना नसेल तर विषय संपला. लिंकमध्ये साइटचं नाव दिसतंय एवढ्यावर जाऊ नका, चोर ते नाव सुरुवातीला लावतात आणि पुढे स्वतःचा पत्ता जोडतात. पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ (/) येते तिच्या लगेच आधीचा भाग बघायचा, खरी मालकी तिथे कळते. ओटीपीच्या एसएमएसमध्ये बहुतेक वेळा रक्कम आणि व्यापाऱ्याचं नाव असतं, नंबराच्या आधी ते नाव वाचा. होल्ड, व्हेरिफिकेशन असं पान काहीही म्हणो, एसएमएसमध्ये पूर्ण रक्कम असेल तर ते पेमेंट आहे.

हॉटेलला फोन करताना मेसेजमधला नंबर घेऊ नका, हॉटेलच्या वेबसाइटवरचा किंवा मॅपवरचा घ्या. ग्रीसचा कोड प्लस 30, त्यापुढे मोबाइल असेल तर 69 ने सुरू होतो आणि लँडलाइन 2 ने, नॅक्सोसची 22850 ने. आपल्यापेक्षा ते हिवाळ्यात साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे आहेत त्यामुळे आपली रात्र झाली तरी तिथे माणसं जागी असतात. आणि हो, व्हिसाच्या घाईत असलात तरी बुकिंग रद्द होण्याची भीती घेऊ नका, बुकिंग खरंच रद्द झालं तर त्याच ॲपमधून नवं रिफंडेबल बुकिंग करून त्याचा कागद फाइलला लावता येतो, दहा मिनिटांचं काम आहे.

परदेशी ऑनलाइन व्यवहाराचं बटण सगळ्यांच्या कार्डावर असतं, बँकेच्या ॲपमध्ये कार्ड सेटिंगमध्ये. बंद ठेवा, लागेल तेव्हा तेवढ्यापुरतं चालू करा आणि लिमिटही तेवढंच लावा. घरातल्या मोठ्या माणसांच्या कार्डावर तर आजच जाऊन बघा.

आम्ही गेलो, व्हिसा मिळाला, मालकीणबाईंनी तळमजल्याची खोली खरंच ठेवली होती आणि हिशोब काउंटरवर झाला, वर दोन खोल्यांचा टॅक्स. बँकेच्या उत्तरावर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल) तक्रार टाकलीये, बँकेचं उत्तर पटलं नाही किंवा 30 दिवसांत उत्तरच आलं नाही तर ती ऑनलाइन करता येते, फी नाही. त्या तक्रारीला आमच्याकडचा मुख्य पुरावा म्हणजे ॲपमधल्या मेसेजचे स्क्रीनशॉट, जे नवऱ्याने त्याच रात्री काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेसेज चॅटमधून गायब झाला होता, साइटनेच काढला. त्यामुळे असं कोणाचं झालंच तर कार्ड ब्लॉक केल्यावर लगेच मेसेज, लिंकचा पूर्ण पत्ता, ते खोटं पान आणि ओटीपीचा एसएमएस, सगळ्याचे स्क्रीनशॉट वेळ दिसेल असे काढून ठेवा.