मिठाच्या सत्याग्रहाची रंगवही: बेत छान, कागद आणि झेंडा मात्र गंडलाय

सोळा पानं, ए-फोर आकार, मधोमध दोन पिना, किंमत १२० रुपये. वयोगट ५ ते १० छापलाय, पण पाच वर्षांच्या मुलाला यातल्या रेषा फार बारीक पडतात. सात ते दहा धरा. वहीचा खरा प्रश्न वयाचा नाही, पांढऱ्या रंगाचा आहे. पांढरी खादी, पांढऱ्या टोप्या, पांढरं मीठ, आणि कागदही पांढराच. मूल पान बघतं आणि विचारतं, "इथे भरायचं काय?" मग सदरे गुलाबी-जांभळे होतात. पदयात्रेत सगळे खादीत का होते, हे सांगायची संधी तिथेच हुकते.

उपाय सोपा आहे. कपडे कोरेच ठेवायचे आणि आजूबाजूचं रंगवायचं. रस्त्याला पिवळी माती, आकाशाला फिकट निळा. सदऱ्याच्या घडीत राखाडी पेन्सिलचा हलका हात फिरवला की पांढरं उठून दिसतं. टोप्या सोबतच्या सत्याग्रहींना. गांधीजींचं डोकं उघडंच. या वहीने पान ५ वर त्यांनाही टोपी चढवली आहे, ती खोडरबरने जात नाही.

नकाशाचं पान सगळ्यांत सरस. साबरमती आश्रमापासून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटरची वाट तुटक रेषेत दिलीय. १२ मार्च १९३० ला गांधीजी ७८ जणांसह निघाले आणि ५ एप्रिलला दांडीला पोहोचले. मिठाचा कायदा मोडला तो दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला. वहीत दोन्ही घटना ६ तारखेलाच दाखवल्यात, तिथे पेनाने दुरुस्ती करून घ्या. साबरमती, मही, नर्मदा, तापी या नद्या आधी निळ्या करायला लावा, मग वाटेवरची गावं. मही ओलांडताना होडीतून उतरल्यावर चिखल तुडवावा लागला होता. तिथे तपकिरी खडू जरा दाबून चालवला की मुलांना ती जागा विसरत नाही. सोमवार विश्रांतीचे होते. ते दिवस कॅलेंडरवर वेगळ्या रंगात भरायची कल्पनाही चांगली आहे.

आता झेंडा. पान ९ वरच्या गावकऱ्यांच्या हातात अशोकचक्राचा तिरंगा आहे. १९३० साली तो नव्हताच. तेव्हाच्या झेंड्यात वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल पट्टा आणि या पट्ट्यांवर काढलेला चरखा असायचा. केशरी पट्टा १९३१ मध्ये आला, चक्र १९४७ मध्ये. इतिहासाच्या रंगवहीत रंगच चुकावा, हे जरा जास्तच झालं. चक्रावर कोऱ्या कागदाचा गोल चिकटवा, त्यावर चरखा काढून घ्या आणि पट्टे वरच्या क्रमाने भरा.

शेवटच्या समुद्राच्या पानावर "खरं मीठ वापरा" अशी सूचना आहे. तंत्र खरंच काम करतं, पण वहीचा कागद जेमतेम १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड). जलरंग लागला की तो फुगतो आणि रंग मागच्या पानावर उतरतो. हे एक पान २०० जीएसएमच्या ड्रॉइंग पेपरवर छापून किंवा ट्रेस करून घ्या. निळा रंग भरपूर पाण्यात कालवून ब्रशने पसरवा. ओली चमक ओसरायला लागली, की चिमूटभर जाडं मीठ वरून टाका. लगेच टाकलं तर ते विरघळून नुसते डाग राहतात, उशीर झाला तर काहीच उमटत नाही. बारीक मिठाने ठिपके येतात, जाड्या मिठाने चांदण्यांसारख्या नक्षी. अर्धा तास हलवायचं नाही. पूर्ण वाळल्यावर कोरड्या हाताने झटकून टाका. पंख्याखाली मात्र ठेवू नका, मीठ एका बाजूला सरकतं.

एवढं झालं की त्याच चित्रातली चूक सांगा. दांडीच्या किनाऱ्यावर स्वच्छ पांढरे ढीग नव्हते. गांधीजींनी उचललं ते चिखलात मिसळलेलं मीठ. मुठीत मातकट रंगच हवा.

मराठी घरांसाठी वहीत दोन गोष्टी हव्या होत्या. एक, पदयात्रेत भजनं सांगणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे. दुसरी, शिरोडा. मे १९३० मध्ये सिंधुदुर्गातल्या या गावाच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवरही. एकही पान नाही. मिठागराचे चौकोनी वाफे काढायला मोजपट्टी पुरते. मागच्या कोऱ्या कव्हरवर काढून घ्या.

कर म्हणजे काय, हे वहीत एका ओळीत उरकलंय. ते घरच्या वजनकाट्यावर करा. तेव्हा मणाला १ रुपया ४ आणे कर होता, म्हणजे २० आणे. मण साधारण ३७.३ किलोचा. एक किलो मिठाची पिशवी मुलाच्या हातात द्या आणि हिशोब मांडा: किलोमागे अर्ध्या आण्याहून थोडा जास्त. मग दुसरा प्रश्न: समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि ते उन्हात आपोआप मिळतं, तरी ते उचलायला बंदी का? सरकारची मक्तेदारी हा शब्द इथे शिकवायला सोपा जातो, कारण समोर वजनकाटा आणि मीठ दोन्ही असतं.

रंगांचं म्हणाल तर मेणखडू सगळ्यांत बरे. स्केचपेन मागे उमटतात, आणि तेलखडूची पानं एकमेकांना चिकटतात. मध्ये बटर पेपर घाला.