श्रीरामपूरची मिशनरी टूर: फिरवतात छान, पण हॅना मार्शमन यांना एवढा कमी वेळ का?

आधीच सांगते, हे श्रीरामपूर आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं, हुगळीच्या काठचं, हावड्याहून लोकलने अर्धा-पाऊण तास. कोलकात्यातली एक छोटी टूर कंपनी तिथे दिवसभराची टूर नेते, विल्यम कॅरी आणि बाकीच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांच्या जागा दाखवतात, सकाळी नऊ ते दुपारी चार, माणशी दीड हजार, जेवण धरून. आम्ही नुकतीच केली. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, आणि जो दीड कापलाय तो का कापला हे जरा सविस्तर लिहिते कारण मला ते मनापासून लागलंय.

चांगलं आधी. गाइड म्हणजे इतिहासात एमए केलेला तरुण मुलगा, हिंदी सोपं बोलतो, घाई करत नाही, वयस्कर लोकांसाठी टोटो आधीच सांगून ठेवलेली असते. (टोटो म्हणजे ई-रिक्षा, इथे सगळे तेच म्हणतात.) सुरुवात त्याने थेट नदीच्या घाटावर केली आणि ते मला फार आवडलं. पलीकडे बोट दाखवून म्हणाला, ते समोर दिसतंय ना ते बराकपूर, तिथे गव्हर्नर जनरलची बाग आणि बंगला, म्हणजे तेव्हाचा इंग्रजांचा मुलुख, आणि आपण उभे आहोत तो तेव्हा डेन्मार्कचा. मधे फक्त नदी. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, लोक चिडतील आणि धंदा बिघडेल ही भीती, म्हणून १७९९ च्या ऑक्टोबरमध्ये मार्शमन नवराबायको (जोशुआ आणि हॅना), विल्यम वॉर्ड वगैरे लोक क्रायटेरियन नावाच्या अमेरिकन जहाजातून आले ते कोलकात्यात न थांबता होडीने सरळ इथे आले, आणि डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना आसरा दिला. इंग्रज माणसांना इंग्रजांपासून वाचायला डेन्मार्कच्या झेंड्याखाली राहावं लागलं हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण त्या पायऱ्यांवर उभं राहून समोरचा काठ बघितला की ते किती जवळचं संकट होतं ते कळतं.

कॅरी त्याआधीच, १७९३ मध्ये, बंगालात आलेले, उत्तरेकडे निळीच्या कारखान्यावर नोकरी करत भाषा शिकत होते, ते १८०० च्या जानेवारीत इथे येऊन मिळाले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथली मंडळी, म्हणजे चर्च, स्थापन झाली. कृष्ण पाल या सुताराची गोष्ट गाइडने छान रंगवून सांगितली, नदीवर पाय घसरून त्याचा हात निखळला, मिशनमधल्या डॉ. थॉमसनी तो बसवला, तिथून ओळख, मग २२ डिसेंबर १८०० ला तो मिशनऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवला आणि सगळ्या गावात बोभाटा झाला, जात गेली म्हणून लोक चालून आले, त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे नेलं, डॅनिश अधिकाऱ्याने सोडून दिलं, आणि २८ तारखेला नदीत बाप्तिस्मा. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी विचारलंच, की पैसे देऊन बाटवले असतील ना? गाइडने आवाज न चढवता सांगितलं की कॅरींना पहिला माणूस मिळायला सात वर्षं लागली, आणि जो आला त्याचं शेजारपाजार, नातीगोती सगळं पणाला लागलं, मिळण्यापेक्षा जाणारंच जास्त होतं. काकांना कितपत पटलं माहीत नाही पण प्रश्न टाळला नाही याचे त्याला पूर्ण मार्क.

आता माझी तक्रार. सगळी टूर तीन पुरुषांची आहे. कॅरी, मार्शमन, वॉर्ड. हॅना मार्शमन यांच्यावर जेमतेम दोन वाक्यं, "त्या मुलींची शाळा चालवायच्या आणि घर सांभाळायच्या", झालं, चला पुढे. अहो, पण ते घर म्हणजे काय होतं हे सांगा ना! तीन-चार कुटुंबं, विधवा, लेकरं, येणारेजाणारे सगळे एका छताखाली आणि एका टेबलावर जेवणारे, सगळ्यांची कमाई एकाच पेटीत. बरोबर आलेले मिस्टर ग्रँट पोचल्यापोचल्या महिन्याच्या आत गेले, पुढच्या दोन वर्षांत आणखी तिघं. त्या सगळ्या आजारपणांत चूल पेटती कोणी ठेवली? १८०० मध्येच मार्शमन दांपत्याने युरोपियन मुलामुलींसाठी फी घेऊन बोर्डिंग शाळा काढल्या, आणि मिशनला जे पैसे लागत, छापखान्याचे कागद, शाई, खिळे (म्हणजे अक्षरांचे टाइप), माणसांचे पगार, त्यातला मोठा वाटा ह्या शाळांच्या फीमधून यायचा. दुसरा मोठा वाटा कॅरींच्या फोर्ट विल्यम कॉलेजच्या (कोलकात्यातलं, कंपनीच्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवणारं) पगाराचा, सुरुवातीला महिना पाचशे रुपये. नवीन गावात, परक्या भाषेत चर्च उभं राहतं ते नुसत्या प्रवचनावर नाही, कोणीतरी सकाळी उठून शाळेची घंटा वाजवते आणि संध्याकाळी वीस माणसांचं ताट वाढते तेव्हा ते टिकतं. मी नगरच्या मंडळीत वाढले, आमच्याकडे आज्या मिशनच्या मडमांबद्दल जे सांगायच्या ते असंच, म्हणून मला हे जास्त जाणवलं असेल, पण खोटं नाही.

आणि कॅरींच्या पत्नी डोरोथी यांचं तर नावच घेतलं नाही. लहानगा मुलगा १७९४ मध्ये गेला, त्यानंतर त्यांचं मन जे बिघडलं ते १८०७ मध्ये त्या जाईपर्यंत सुधारलं नाही, आणि शेजारच्या खोलीत हे असं चालू असताना कॅरी भाषांतर करत बसायचे. त्यांच्या आडदांड होत चाललेल्या मुलांना वळण लावायलाही हॅनाबाई आणि वॉर्डच पुढे आले. हे सांगितल्याने कॅरी लहान होत नाहीत. उलट परमुलखात जाऊन काम करायची किंमत कोणी मोजली हे कळतं. मी गाइडला हळूच विचारलं तर म्हणाला, "दीदी, टूरिस्टला जड होतं." मला हे पटलं नाही, त्याच टूरमध्ये स्मशानभूमी दाखवता ना?

आपल्या लोकांसाठी अजून एक गोष्ट जी टूरमध्ये नाहीच, ती मी जेवताना ग्रुपला सांगितली. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवायचे, वैजनाथ पंडितांची मदत घेऊन त्यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, कोशातले मराठी शब्द मोडीत, आणि ते खिळे इथलेच, पंचानन कर्मकारांनी तयार केलेल्या कारखान्यातले. मराठी नवा करारही १८११ मध्ये इथेच छापला गेला. मराठी माणूस ग्रुपमध्ये आहे हे बुकिंगलाच कळलेलं असतं, एवढं दोन मिनिटं सांगायला काय हरकत आहे?

बाकी पटापट. सेंट ओलाव्ह चर्च डॅनिशांचं, १८०६ चं, डेन्मार्कच्या नॅशनल म्युझियमच्या मदतीने दुरुस्त केलंय, आत एकदम नीटनेटकं. जेवण डेन्मार्क टॅव्हर्नमध्ये, १७८६ ची इमारत, पडायला आलेली ती उभी करून कॅफे केलाय, फिश फ्राय गरम आणि कासुंदी (मोहरीची चटणी) झणझणीत, शाकाहारी लोकांना मात्र पर्याय कमी. कॉलेजची इमारत, ते उंच खांब, १८१८ ला सुरू केलेलं कॉलेज आणि १८२७ ला डेन्मार्कच्या राजाची सनद मिळालेली, आजही इथून थिऑलॉजीच्या डिग्र्या मिळतात. लायब्ररीत आम्हाला वेळ अपुरा पडला, तिथे किमान दीड तास हवा, त्याऐवजी दुपारी मिठाईच्या दुकानात उगाच अर्धा तास घालवला. मिशनची स्मशानभूमी कॉलेजपासून लांब आहे, टोटोनेच जा, ऊन फार लागतं. तिथे तिघांच्या कबरी दाखवल्या, मी विचारल्यावर हॅनाबाईंचंही सांगितलं, १८४७ मध्ये गेल्या, नवऱ्यानंतर नऊ वर्षांनी, मधली इंग्लंडची फेरी सोडली तर आल्यापासून सगळं आयुष्य इथेच. त्यांचे जावई म्हणजे १८५७ मध्ये इंग्रजांकडून लढलेले जनरल हॅवलॉक, अंदमानच्या ज्या बेटाला आता स्वराज द्वीप म्हणतात त्याला आधी त्यांचंच नाव होतं, हे ऐकून काका एकदम खूश झाले.

कंपनीला मी हे सगळं मेल केलंय, त्यांचं उत्तर सभ्य आलं, पुढच्या सीझनला शाळेचा भाग वाढवू म्हणालेत. वाढवला तर चार-साडेचार द्यायला मी तयार आहे. तोवर जाणाऱ्यांना सांगणं एवढंच की कॉलेजच्या सुट्टीच्या दिवशी बुकिंग करू नका, लायब्ररी उघडी आहे का ते आधी फोन करून विचारा, आणि घाटावर असतानाच गाइडला सांगून ठेवा की आम्हाला हॅना आणि डोरोथी दोघींबद्दल ऐकायचंय. त्याला माहिती आहे सगळी, विचारलं की सांगतो.